फिंटनच्या फाटकातली तोफ

१२ जुलै, शनिवार

अजयच्या आई नागपूरहून इथे आयर्लंडला येऊन तीन दिवस झाले आणि आज त्यांना बादली सापडली. वॉशिंग मशीनच्या मागे सरकवून ठेवली होती तरी. झाकण उघडून बघतात तर सोड्याच्या पाण्यात एक गंजका दांडा, दोन्ही टोकांना अर्धा-अर्धा गोळा, त्याला वायर, वायरीच्या पलीकडे बॅटरी चार्जर आणि पाण्यात बारीक बुडबुडे.

"मृणाल, हे काय होय वं? लोखंडाचं लोणचं घातलं का?"

सांगितलं. जहाजावरचा तोफगोळा आहे. नेहमीचा नाही, दांड्याचा. गरगरत जायचा आणि समोरच्या जहाजाचे दोर, शिडं फाडायचा. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाच्या वेळचा. समुद्राचं मीठ लोखंडात मुरलेलं असतं, ते हळूहळू बाहेर काढतेय. तसाच वाळू दिला तर पापुद्रे सुटून भुगा होईल.

नीट ऐकून घेतलं त्यांनी. मग अजयकडे वळून, "तुह्या बायकोले कामाहून आल्यावर बी कामच लागते काय रे?"

अ. म्हणाला, "ऑफिसात ती गंज लागू नये म्हणून पगार घेते आणि घरी गंज विकत आणते." हा विनोद त्याने आत्तापर्यंत प्रत्येक पाहुण्याला ऐकवलाय. पण खोटं नाही. दिवसभर हृदयात बसवायच्या स्टेंटच्या जाळ्या मिठाच्या पाण्यात घालून बघायच्या, गंजल्या नाहीत की खूश व्हायचं. संध्याकाळी शेडमध्ये येऊन जे गंजलंय त्याच्यावर जीव टाकायचा.

दुपारी आईंना शेड दाखवली. मागच्या प्रेसमध्ये (इथे कपाटाला प्रेस म्हणतात) सगळं मांडलंय: हातघडणीचे जहाजाचे खिळे, छोटे गोळे, नांगराचा तुटका पंजा, डोलकाठीच्या दोरांची कडी. सगळं लिलावातून, कागदपत्रांसकट. आईंनी एकेक वस्तू उचलून वजन पाहिलं. "आन् तोफ?"

तोफ नाही आई.

"मंग गोळे कायले जमवतं?"

प्रश्न बरोबर आहे.


१३ जुलै, रविवार

सगळं क्रमाने, सावकाश लिहिते.

क्लोगरहेडला गेलो होतो, समुद्रकड्याच्या वाटेवर. ऊन, वारा, लेक इरा पुढे पळत. आई अर्ध्यात दमल्या, परत फिरलो. गावातल्या एका घराच्या बुटक्या भिंतीवर त्यांना बसवलं. फाटकाच्या पांढऱ्या खांबाला त्यांनी हात टेकवला. पाण्याची बाटली द्यायला मी वाकले आणि तशीच राहिले.

खांब गोल. वर जाताना निमुळता. वरच्या तोंडाला जाड कडं, मधल्या भोकात सिमेंट भरलेलं. रंगाचे इतके थर की सगळ्या कडा लोण्यासारख्या झालेल्या. पण जमिनीपासून वीतभर वर दोन बाजूंना दोन आखूड कान आणि त्यातल्या एकाला फाटकाची बिजागरी अडकवलेली.

तोफेचे कान ते, ज्यांवर ती गाड्यावर टेकते. तोफ उभी गाडलीय. मागचा अर्धा भाग जमिनीत.

"आई, हात काढा," म्हणाले. का म्हणाले माहीत नाही.

"कावून? ओला रंग हाय का?"

तेवढ्यात घरातून एक म्हातारा खुर्ची घेऊनच आला. उंच, ऐंशीच्या आसपास, कोपर फाटलेला स्वेटर. फिंटन. ट्रॉलरवर कप्तान होता, आता निवृत्त. आईंना खुर्चीवर बसवलं, चहा आणला, बिस्किटं आणली. मी खांबाबद्दल विचारलं तर म्हणाला, "ती? माझ्या आजोबांच्या जाळ्यात आली. मासे गेले पळून आणि ही आली. आजी म्हणाली, आता आणलीच आहे तर फाटक तरी टांग हिला."

येताना गाडीत मी बोललेच नाही. इरा म्हणाली, "ममाज इन लव्ह."


१४ जुलै, सोमवार

ऑ.मध्ये मीटिंग. कुणीतरी मला काहीतरी विचारलं. मी म्हणाले, तीन पौंडी गोळ्याची असावी.


२० जुलै, रविवार

शंकरपाळे देण्याच्या निमित्ताने पुन्हा गेले. टेप बरोबर होती, खोटं कशाला बोलू. फिंटनने मापं घेऊ दिली. जमिनीवर दिसतो त्याच्याएवढाच भाग खाली असेल तर साडेचार फुटांची जहाजी तोफ. लहान जहाजाची. त्या युद्धाच्या वर्षांत अमेरिकेची परवानाधारक लुटारू जहाजं या समुद्रात फिरत होती आणि त्यांच्या भीतीने इथली व्यापारी जहाजंही तोफा बाळगायची. यांतल्या कुठल्याची? की आणखी कुणाची? रंगाच्या थरांखाली काय लिहिलंय त्यावर ठरेल. किंवा काहीच लिहिलेलं नसेल.

मग विचारलंच. विकाल का?

"अगं नाही," म्हणाला, अगदी प्रेमाने. "पॅट्सीची आहे ती."

पॅट्सी म्हणजे त्याची बायको. दर मे महिन्यात ती खांब रंगवायची. लग्न होऊन आली तेव्हापासून, एकही मे न चुकवता. मागच्या हिवाळ्यात गेली. या वर्षी खांब रंगवलेला नाही. म्हणाला, "डबा आणलाय मी. प्रेसमध्ये आहे. झाकण उघडायचं राहिलंय."

मी टेप खिशात घातली.


४ ऑगस्ट, सोमवार (बँक हॉलिडे)

सकाळी फिंटनचा फोन. मालाची व्हॅन मागे घेताना फाटकावर आली. ड्रायव्हर पोरगेला, घाबरून रडायच्या बेतात. फिंटनने त्यालाच चहा पाजला. "गडी तोफेला धडकला आणि वाचला, घरी सांगेल तरी काय?" म्हणून हसत होता. मी पोचले तेव्हा हसत नव्हता.

तोफ आडवी पडलीय. वरचा, रंगवलेला अर्धा भाग शाबूत. खालचा, मातीतला, उघडा पडलाय. काळा, ओला आणि त्याच्यावर केशरी घाम. घामच म्हणतो आम्ही, बारीक थेंब येतात मिठाचे. नखाने टोकरलं तर पेन्सिलीच्या शिशासारखी काळी पूड. ओतीव लोखंडातलं लोखंड निघून गेलं की असं मऊ ग्राफाइट तेवढं उरतं. शंभर वर्षं ओल्या मातीत टिकून होती. आता वाऱ्यात वाळली की पहिल्याच हिवाळ्यात सोलून निघेल. बोर्बोन बिस्किटासारखी.

ओली पोती गुंडाळून आले. अ. चिकटपट्टी धरून उभा. आईंनी स्वतःची जुनी चादर दिली.


५ ऑगस्ट, मंगळवार

आज वाईट झालं.

ऑ. सुटल्यावर सरळ फिंटनकडे. सांगितलं की हिला वाचवता येईल, पण आधी सरकारी पुरातत्त्ववाल्यांना कळवावं लागेल. बुडालेल्या जहाजावरची इतकी जुनी वस्तू सरकारची मानतात. जमिनीवर शंभर वर्षं असली तर काय, ते मला माहीत नाही. पण परवानगीशिवाय मी तिला सोड्यात घालू शकत नाही.

"मग नको घालूस."

"मग ती जाईल."

"आणि त्यांना कळवलं तर डब्लिनच्या संग्रहालयात जाईल. दोन्हीकडून जाणारच ना?"

म्हणाले, तुम्हाला न सांगता मला फोन करता आला असता. सांगून करतेय.

"सांगून केलंस म्हणजे मी आभार मानू?"

फिंटन आत गेला आणि दार लावून घेतलं. आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

गाडीत बसून फोन केला. पलीकडे ओर्ला नावाची बाई. बोलणं अगदी साधं. "ओली ठेवा, बाकी काही करू नका, मी येते," म्हणाली.

कुणाला बरं वाटावं म्हणून केला मी हा फोन? तोफ वाचावी म्हणून, हे खरंच. पण माझ्या हातून वाचावी असंही होतं त्यात.


९ ऑगस्ट, शनिवार

पोती ओली करायला गेले. पोती ओलीच होती. म्हणजे फिंटन स्वतः पाणी मारतोय. बेल वाजवली. आत रेडिओ चालू होता. दार उघडलं नाही.


१० ऑगस्ट, रविवार

आईंनी सकाळी तर्री-पोहे केले. इथल्या मिरच्यांना तिखटपणा नाही म्हणून नागपूरहून आणलेलं तिखट मोकळ्या हाताने. डबा भरला. "चाल."

म्हटलं, आई, तो माझ्याशी बोलत नाही.

"तुह्याशी कोन म्हंते? माह्याशी बोलल."

गेल्या एकट्याच फाटकातून, म्हणजे जिथे फाटक होतं तिथून. मी गाडीत. दार उघडलं. बराच वेळ झाला. शेवटी राहवेना म्हणून गेले तर स्वयंपाकघरात दोघं. फिंटनचा चेहरा लालभडक, डोळ्यांतून धारा, नाक पुसतोय आणि चमच्याने तर्री आणखी ओढतोय. आई शेजारी दुधाचा ग्लास घेऊन तयार.

"शी इज ट्राइंग टु किल मी," मला म्हणाला. पाच दिवसांतलं पहिलं वाक्य.

"काय म्हंते थो?" आईंनी विचारलं.

मस्त झालंय म्हणतोय.

"ग्रँड?" आईंनी त्यालाच विचारलं. हा एक शब्द त्यांनी आल्या दिवसापासून उचललाय.

"ग्रँड," फिंटन म्हणाला आणि खोकला.

मग आई माझ्याकडे न बघता बोलायला लागल्या आणि मला म्हणाल्या, त्याले सांग. मी सांगत गेले. त्यांनी सांगितलं की अजयच्या बाबांनी अंगणात कपडे वाळवायची तार बांधली होती. ते गेले, तार गंजली. आता कपड्यांना तांबडे डाग पडतात. मुलगा म्हणतो नायलॉनची दोरी बांधू. "मी बांधू देत नाही. डाग धुते. पन तार उद्या तुटलच, हे मले समजते. फिंटनभाऊ, तुमची तार तं जोडता येते, असं ही पोरगी म्हंते. मंग जोडू द्या."

सासऱ्यांची तार. मी वर्षानुवर्षं बघतेय ती. दर वेळी मनात गंजाची जात ओळखून झालेली आहे.

फिंटन खिडकीबाहेर बघत होता. मग म्हणाला, "मागच्या अंगणात गुरांची पाण्याची टाकी पडलीय. चालेल का?"


१६ ऑगस्ट, शनिवार

ओर्ला आली. माझ्याहून लहान, गुडघ्यापर्यंत रबरी बूट, गाडीत कुत्रा. तोफेजवळ उकिडवी बसली आणि कितीतरी वेळ नुसती "ओह" म्हणत राहिली. ही आपल्यातली आहे हे तेव्हाच कळलं.

तिचं म्हणणं असं. सोड्याचा उपचार लगेच सुरू करा, तशी परवानगी ती देते. मी काय करते याचे फोटो दर आठवड्याला पाठवायचे. तोफ कुणाची, पुढे कुठे राहणार, हे तिच्या हातात नाही, वर जाईल.

"वर म्हणजे डब्लिनला," फिंटन म्हणाला.

"वर म्हणजे वर. मला खरंच माहीत नाही."

आणि दुसरं. रंग काढावा लागेल. सगळा. तोफेच्या पोटात आणि रंगाखाली मीठ आहेच, वरचा भाग तसाच ठेवला तर आतून फुगेल. शिवाय सोड्यात बुडवली की रंग आपोआप सुटेल.

फिंटन म्हणाला, "तर मग वरचा भाग बुडवायचा नाही."

ओर्लाने माझ्याकडे पाहिलं. तिचं बरोबर होतं आणि मलाही ते माहीत होतं. म्हणाले, सुरुवातीला फक्त खालचा भाग बुडवू. तिरकी ठेवू. तो जास्त आजारी आहे.

फिंटनने मान हलवली. ओर्लानेही, पण ती आजपुरतं ठीक म्हणून.


२३ ऑगस्ट, शनिवार

दिवसभर तोफ.

गुरांची टाकी बघितली, तर जस्ताच्या मुलाम्याची. तीत सोडा घातला की जस्तच विरघळायला लागेल. शेजारच्या शेतकऱ्याकडे प्लास्टिकची होती, त्याने ट्रॅक्टरवर घालून आणली आणि त्याच ट्रॅक्टरने तोफ उचलली. पट्टे, घोंगड्या, आरडाओरडा. प्रत्येक जण हुकूम सोडतोय. अ. दोन्ही हात वर करून विमानतळावरच्या माणसासारखे इशारे करत होता, त्याच्याकडे कुणीही बघत नव्हतं.

शेवटी बसली. बूड पाण्यात, तोंड बाहेर, मानेखाली ट्रॅक्टरचा जुना टायर. आंघोळीला बसल्यासारखी. वॉशिंग सोडा पोत्याने ओतला, भोवती लोखंडी जाळी, तोफेला एक वायर, जाळीला दुसरी. सगळे वाकून बघतायत. पहिला बुडबुडा आला तेव्हा शेतकऱ्याने टाळ्या वाजवल्या.

"किती दिवस?" फिंटनने विचारलं.

म्हटलं, दिवस नाहीत. एक वर्ष. जास्तही.

"म्हणजे रोज येशील?"

रोज नाही. शनिवारी. पाणी तुम्ही बघायचं.

खूश झाला. लपवायचा प्रयत्न केला त्याने, जमलं नाही.


२७ ऑगस्ट, बुधवार

गणपती. लिहायला वेळ नाही. फिंटन आला होता, टाय लावून. मोदक काट्याने खायला लागला तेव्हा आईंनी काटा काढून घेतला.


१३ सप्टेंबर, शनिवार

व्हॅनच्या धडकेने तोंडापाशी रंगाची एक खपली उडाली होती, ती आज ओर्लाने खिशातून काढली. तिने ती भिंगाखाली कापून पाहिली होती. कडेने बघितलं तर पट्टेच पट्टे, चतकोरात चिरलेल्या कांद्यासारखे.

फिंटनने चष्मा लावला. भिंग हातात घेतलं. आई, ओर्ला आणि मी आजूबाजूला.

पांढरे खूप. मग एक हिरवा. "फुटबॉलचं वर्ष," म्हणाला, "अख्खं गाव हिरवं होतं, ती तोफेला सोडते का!" मग निळा, ट्रॉलरचा उरलेला. निळ्याखाली पुन्हा पांढरे, मग पिवळा. पिवळ्याजवळ थांबला. "हा धाकटा झाला तेव्हाचा. मुलगी होणार म्हणून गुलाबी आणला होता, मग दुकानदाराने बदलून दिला." स्वतःशीच हसला. "त्याच्याकडे पिवळाच होता फक्त."

सगळ्यांत खाली, लोखंडाला चिकटून, एक केशरी-तांबडा पट्टा.

मी म्हणाले, हा गंज नाही. रंगच आहे.

आईंनी भिंग घेतलं. "अवो, हा तं शेंदूर होय!"

खरंच शेंदूर. शिशाचा तांबडा लेप, बोटींच्या बुडाला पूर्वी लावायचे. आपल्याकडे मारुतीला लावतात तेच द्रव्य. गंजाला याच्याइतकं चांगलं काही नव्हतं. विषारी, हा भाग वेगळा. म्हणून वरचा भाग इतका धडधाकट राहिला. ओर्लाला सांगितलं तर ती डोळे मोठे करून आईंकडे बघायला लागली. यांच्या देशात हे देवाला लावतात?

फिंटनला विचारलं, हा कुणी लावला?

"नवीन लग्न झालेलं. बोटीसाठी महागाचा डबा आणून ठेवला होता. समुद्रावरून आलो तर डबा रिकामा आणि फाटकाचा खांब टोमॅटोसारखा लाल. आमचं पहिलं भांडण. मी म्हणालो, अक्कल आहे का, हा रंग लोखंड वाचवायला असतो. ती म्हणाली, मग?"

ओर्ला पटकन कुत्र्याकडे गेली.

मी त्याला सांगितलं ते असं. मी शास्त्रज्ञ म्हणून सांगते, पॅट्सीने तो एक हात दिला नसता तर व्हॅन आली तेव्हा पडायला तोफच उरली नसती.

त्याने चष्मा काढून पुसला. "तिला हे आधी कळवायला हवं होतं कुणीतरी," म्हणाला. "वर्षभर तोंडावर मारलं असतं माझ्या."


२७ सप्टेंबर, शनिवार

पाणी बदललं. मीठ भराभर उतरतंय. खालच्या भागावर एक गोष्ट स्पष्ट दिसली: राजाचं चिन्ह नाही. ब्रिटिश आरमाराची तोफ असती तर पाठीवर मुकुट आणि अक्षरं असती. म्हणजे आरमाराची बहुधा नाही. खाजगी. अमेरिकन असेल, इथल्या एखाद्या व्यापाऱ्याची असेल. ओतकाम ओबडधोबड आहे, घाईत केल्यासारखं. युद्धातल्या एखाद्या नवख्या भट्टीतली? मला हवंय म्हणून मला तसं दिसतंय, हे ओर्लाने हसत सांगितलं. कानावर काही कोरलेलं असेल तर कळेल. आणि कान रंगाखाली आहेत.

फिंटन रंगाबद्दल बोलत नाही. मी विचारत नाही.


२ ऑक्टोबर, गुरुवार

दसरा. अर्धा दिवस सुट्टी घेतली. आईंचा हट्ट होता की शस्त्रपूजा करायची तर खऱ्या शस्त्राची. "माह्या जन्मात पह्यल्यांदा तोफ भेटली, आन् मी सुरी-कात्रीची पूजा करू?"

चार्जर बंद केला (हे आधी, आईंना बजावून). टायरवर टेकलेल्या तोंडाला हळद-कुंकू, झेंडूची माळ. झेंडू टेस्को सुपरमार्केटात नव्हता, इराने बागेच्या दुकानातून कुंडीच आणायला लावली. आपट्याची पानं कुठली मिळायला! फिंटनने कुंपणाच्या हेजची पानं तोडून आणली, कशाला म्हणून विचारलं नाही. आईंनी एक पान त्याच्या हातावर ठेवलं. "सोनं घ्या, भाऊ."

"गोल्ड," इराने सांगितलं. "यू हॅव टु प्रिटेंड, फिंटन."

"मी आयुष्यभर मासे विकले, बाळ. आय कॅन प्रिटेंड."

त्याने पान स्वेटरच्या खिशात ठेवलं. मग आईंना म्हणाला, आणि मी भाषांतर केलं, की ही तोफ ज्यांच्यावर रोखली होती आणि ज्यांनी रोखली होती, त्यांतल्या एकाही माणसाने हिला फुलं घातली नसतील.

"त्याले सांग, आमच्या नागपुरात सगळ्यांले घालते. चालू असो का बंद."

ओर्लाला फोटो पाठवला. उत्तर आलं: हे मी अहवालात कसं लिहू?


६ ऑक्टोबर, सोमवार

आई गेल्या. व्हिसा संपला. एअरपोर्टवर फिंटन आला होता, जवळच्या ड्रोहेडा गावाहून बसने, एकटा. आईंसाठी भेट: गुंडाळी केलेली नवीकोरी स्टीलची तार, ट्रॉलरवर वापरतात ती, कधीही न गंजणारी. "जुनी काढायची नाही," म्हणाला, "हिला तिच्या शेजारी बांधायची. कपडे हिच्यावर. ती नुसती असू दे."

मी भाषांतर केलं.

आईंनी तार हातात घेऊन वजन पाहिलं. "ग्रँड," म्हणाल्या.

सिक्युरिटीला हँडबॅगेत तार सापडली म्हणून पुढे वीस प्रश्न झाले ते आईंनी अ.ला फोन करून सांगितलं. तार गेली विमानात, हे महत्त्वाचं.

घर रिकामं वाटतंय. बादलीकडे कुणी बघत नाही.


११ ऑक्टोबर, शनिवार

ओर्लाचा फोन. वर चर्चा चालू आहे. दोन मतं आहेत. एक, डब्लिनला न्यावी. दुसरं, उपचार पूर्ण झाल्यावर गावातच कुठेतरी छपराखाली ठेवावी, सरकारची म्हणून पण इथे. काहीही होऊ शकतं. ती दुसऱ्या बाजूने भांडतेय. पण रंगाखालचं मीठ वाढतंय, फोटोंत फुगवटा दिसतोय, थंडी पडायच्या आत निर्णय घ्या.

फिंटनला जसंच्या तसं सांगितलं.

"म्हणजे रंग जाणार हे नक्की आणि तोफ राहणार हे नक्की नाही."

होय.

"वाईट सौदा आहे."

होय.

चहा प्यायलो. मी निघाले तेव्हा तो टाकीपाशी उभा राहून तोफेच्या तोंडावरून हात फिरवत होता. मासा पारखावा तसा.


१८ ऑक्टोबर, शनिवार

दिवाळी तोंडावर. चकली तळत होते, फोन आला. "तुझे ते मास्क घेऊन ये. दोन." गॅस बंद करून निघाले. अर्ध्या चकल्या कच्च्याच राहिल्या, अ. म्हणाला तो तळेल. तळणार नाही.

फिंटनने अंगणात टेबल मांडलं होतं. प्लास्टिक अंथरलेलं, ओली फडकी, माझ्याकडचीच खरवडणी. ओर्लाने सांगितल्यासारखं सगळं, धूळ उडू नये म्हणून ओलं करून. डाव्या कानापासून सुरुवात करायची, म्हणाला. मी खरवडणीला हात घातला तर त्याने ती उचलली. "मी."

एकेक थर. घाई नाही. पांढरे झरझर गेले, त्यांच्यावर तो काही बोलला नाही. हिरव्याला एक गाणं गुणगुणला, स्टेडियममधलं, बेसूर. प्रत्येक थराचा एक पापुद्रा मी चिमट्याने उचलून डबीत ठेवत गेले. हे ओर्लासाठी नाही, त्याच्यासाठी. निळा निघताना म्हणाला, ट्रॉलर विकला त्या वर्षी पॅट्सीने विचारलं होतं, आता तू दिवसभर घरात बसून काय करणार? मी म्हणालो, तुझ्या मागे मागे फिरणार. आणि फिरलो बरं का. तिला वैताग आला.

पिवळा सगळ्यांत चिवट निघाला. दोघं आळीपाळीने. मास्कमध्ये घाम, चष्म्यावर धुकं, बाहेर गार वारा. मधेच तो म्हणाला, "तुझ्या सासूबाई असत्या तर एव्हाना पाच वेळा दमलीस का विचारलं असतं."

तुम्हाला विचारलं असतं, मला नाही.

मग शेंदरी लागला. ओला, झळझळीत, काल लावल्यासारखा. अंगणात एवढी एकच रंगीत गोष्ट.

त्याने हातमोज्याच्या बोटाने कान पुसला. थांबला. माझं बोट धरून तिथे ठेवलं. शेंदराच्या खाली काहीतरी आहे. खडबडीत, किंचित खोल, एक उभी रेघ आणि तिला वळण घेतलेली दुसरी. अक्षराची कड असेल. भट्टीवाल्याची खूण असेल. ओतकामातला नुसता ओरखडाही असू शकतो. एवढी वर्षं मी जे शोधत होते ते बहुतेक माझ्या बोटाखाली होतं आणि मधे फक्त एक थर.

मी फिंटनकडे पाहिलं. त्याची खरवडणी हातातच होती.

"हा काढला की कळेल ना, कुणाची ते?"

कदाचित.

त्याने खरवडणी टेबलावर ठेवली. माझ्याकडे सरकवली. "आज की पुढच्या शनिवारी, तू ठरव. मला आज तरी नाही जमणार."

मी बोट लगेच काढलं नाही. गार लागत होतं.